टाळ, खिडकी आणि वेळापत्रक
(लोकलमधील भजनी मंडळांची हकीकत)

कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या तीन स्थानकांवरून रोज सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलच्या ठराविक डब्यांत, ठराविक दाराशी भजन होते. ऑफिसच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी टाळ ठेवून घराबाहेर पडणाऱ्या या माणसांची मंडळे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी सहसा सापडत नाहीत. त्यांना घटना नाही, कार्यालय नाही, बहुतेकांचे बँकेत खातेही नाही. तरी या लेखात मी त्यांना संस्थाच म्हणणार आहे. नवा माणूस सामावून घेण्याची रीत, गाण्याचा क्रम, वर्गणी, वार्षिक उत्सव, रुसवेफुगवे, फूट आणि समेट, हे सगळे जिथे एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती संस्थाच. नोंदणीचा कागद नसला म्हणून इतिहास नसतो असे नाही. तो लिहून ठेवायची जबाबदारी मात्र अशा वेळी गाणाऱ्यांवरच येते.

ही संस्था जन्माला यायला दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या, रूळ आणि चाळ. रूळ आधी आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. पण त्यानंतर कितीतरी वर्षे इथल्या माणसाला भजनासाठी गाडीची गरज नव्हती. आगरी-कोळ्यांच्या गावांत हरिपाठ होता, कार्तिकात काकडा होता, अखंड हरिनामाचा सप्ताह होता. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढल्यावर तिथे शिकलेली मंडळी गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनाला येऊ लागली. डोंबिवली परिसरात ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांनी वारकरी पंथाचे मोठे काम केले. एमआयडीसीतल्या क्रीडा संकुलाला आज त्यांचेच नाव आहे. शहरी मंडळींसाठी डोंबिवलीत १९२४ मध्ये गणेश मंदिर संस्थान उभे राहिले, कल्याणात १९२६ मध्ये गायन समाज सुरू झाला. गाणे-कीर्तन ऐकायला बसण्याच्या हक्काच्या जागा होत्या, आणि मुख्य म्हणजे बसायला संध्याकाळ होती.

चाळ मुंबईतली. लालबाग, परळ, वरळी, नायगाव या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होता. गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, आणि जिथे गावकऱ्यांची खोली तिथे भजनी मंडळ असायचेच. पाळी सुटली की पेटी निघायची. रात्रभर चालणाऱ्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसत, एकाने टाकलेल्या कोड्याला दुसऱ्याने अभंगातून उत्तर द्यायचे, आणि गिरणीतला जॉबर, फिटर, शिपाई पहाटेपर्यंत मान डोलावत बसत. वासुदेव गंगाराम भाटकर, म्हणजे स्नेहल भाटकर (१९१९–२००७), यांनी चित्रपटसंगीतात नाव कमावले तरी भजन सोडले नाही, आणि मुंबईच्या भजनी मंडळांनीही त्यांना अखेरपर्यंत आपलेच मानले. लोकलमध्ये आज ऐकू येणारी संगीत भजनाची ढब इथून आली आहे.

मग घरे पुरेनाशी झाली. डोंबिवलीत १९६४ मध्ये एमआयडीसी आली. ठाण्याच्या पलीकडे खोली परवडत होती, मुंबईत परवडत नव्हती. लग्न झालेला मुलगा डोंबिवलीला किंवा कल्याणला बिऱ्हाड करी आणि नोकरीला मुंबईतच जाई. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले असंख्य पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्यानंतर तर गिरणगाव उसवतच गेले. माणसे रुळाच्या कडेकडेने लांब लांब जाऊन राहिली. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जाऊ लागले. घरी पोचायला आठ-साडेआठ वाजत. जेवून झोपायचे, पहाटे पाण्याच्या वेळेला उठायचे. अशा दिनक्रमात चाळीतली भजनाची बैठक बसवायची कुठे? संध्याकाळ गाडीत गेली, म्हणून भजनही गाडीत गेले. लोकलमधल्या भजनाचे कारण मला तरी एवढेच दिसते. वेळ घालवण्यासाठी ही माणसे गात होती असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. खरे तर जो एकच वेळ हातात उरला होता तो त्यांनी देवाला दिला.

एका डब्यात दोन परंपरा शेजारी येऊन बसल्या, आणि त्यातून जे घडले ते या इतिहासातले सगळ्यात मोलाचे आहे. सातारा, सांगली, पुणे, नगरकडचा माणूस वारकरी चालीचा. त्याला टाळ आणि मृदंग पुरे. चाल परंपरेने आलेली, शब्द संतांचेच, एक चरण एकाने घेतला की पुढचा दुसऱ्याने उचलायचा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा माणूस बुवाच्या भजनाचा. त्याला पेटी हवी, झांज हवी, चकवा हवा, मागे कोरस हवा, आणि चाल नाट्यसंगीतातून आली काय नि चित्रपटातून आली काय, गजर रंगला पाहिजे. पहिल्या पिढीत यावरून कडाक्याचे वाद झाले. वारकरी म्हणे, सिनेमाच्या चालीवर तुकोबा बसवता, शोभत नाही. कोकणी म्हणे, तुमच्या चालीवर डबा उचलत नाही.

समेट गाडीने घडवला. पेटी गर्दीत नेता येईना, मृदंगाला जागा मिळेना. कोकणी बुवाला पेटीशिवाय गायची सवय करावी लागली, वारकऱ्याला मृदंगाऐवजी लहान ढोलकीवर किंवा डब्याच्या पत्र्यावर धरलेल्या ठेक्यावर समाधान मानावे लागले. आठ मात्रांचा भजनी ठेका दोघांचाही होता, तो टिकला. वारकऱ्यांचे चक्री भजन, म्हणजे एकामागून एक प्रत्येकाने पाळी घेत गाणे, डब्याला फार सोयीचे ठरले. बुवा रजेवर गेला किंवा त्याची गाडी चुकली तरी भजन अडत नाही. आणि कोकणी गजर वारकऱ्यांनीही मनापासून उचलला, कारण ठाण्याला खचाखच भरलेल्या डब्यात लोकांना एका सुरात आणायला गजरासारखे दुसरे साधन नाही. आज आमच्या डब्यात कोण कुठल्या परंपरेचा हे नुसते गाणे ऐकून सांगता येत नाही. आडनाव विचारावे लागते.

भजनाला क्रम आहे, आणि तो स्थानकांना बांधलेला आहे. कल्याणला गाडी सुटताच मंगलाचरण आणि रूपाचा अभंग. डोंबिवलीला गर्दीचा लोंढा आत येतो, तेव्हा गाणे थांबवायचे नाही पण नवा अभंग सुरू करायचा नाही, ध्रुपदच फिरवत ठेवायचे. चढणारा माणूस स्थिरावतो, टाळ काढतो, आणि त्याच ध्रुपदात मिसळतो. डोंबिवली ते ठाणे हा जलद गाडीतला सगळ्यात लांब अखंड पट्टा, त्यामुळे मुख्य अभंग तिथे. ठाण्याच्या अलीकडे-पलीकडे गजर, घाटकोपर-कुर्ल्याच्या आसपास गौळण, आणि दादरच्या आत भैरवी झालीच पाहिजे, कारण निम्मे टाळकरी दादरला उतरतात. भैरवी न ऐकता उतरणे कोणालाच आवडत नाही. भायखळ्यापर्यंत जयघोष, मग टाळ रुमालात. धीम्या गाडीची मंडळे हाच क्रम दीड तासात पसरवतात, त्यांच्याकडे अभंग जास्त आणि गजर संथ असतो. जलद आणि धीम्या गाडीच्या भजनात एवढा फरक पडतो की एका मंडळातला माणूस दुसऱ्यात बसला तर पहिले काही दिवस त्याचा टाळ पुढे-मागे होतो.

रागाचेही तसेच. शास्त्रीय गाण्यात समय पाळण्याची शिस्त मैफलींत आता सैल होत चालली आहे, कारण मैफली बहुतेक संध्याकाळीच होतात. सकाळचे राग गायला लोकांना वेळच मिळत नाही. आमच्याकडे मात्र सकाळच्या गाडीत भैरव, अहिर भैरव, जोगिया यांच्या छायेतल्या चाली चालतात आणि परतीच्या गाडीत यमन, भूप, पूरिया धनाश्री. रागाचे नाव ठाऊक असलेले थोडे, पण सकाळी संध्याकाळची चाल लावली तर आमचे जुने टाळकरी मान हलवून नापसंती दाखवतात. कुठल्याही संगीत विद्यालयात न गेलेल्या, बँकेत, गोदीत, पोस्टात नोकरी केलेल्या माणसांनी ही जाण केवळ रोजच्या गाण्यातून कमावली. या एका गोष्टीसाठी लोकलच्या भजनाची नोंद संगीताच्या इतिहासात व्हायला हवी.

गाडीचा नादही या भजनाचा भाग होता. पूर्वी तेरा-तेरा मीटरचे रूळ फिशप्लेटने जोडलेले असत आणि प्रत्येक सांध्यावर चाक ठोका देई. ढोलकी नसेल तेव्हा त्या ठोक्यांवर लय धरणारे आमचे जुने लोक होते. पुढे सलग जोडलेले लांब रूळ आले, गाडी गुळगुळीत चालू लागली आणि ठेका पूर्णपणे माणसाच्या हातात आला. दुसरे सांगायचे ते पारसिकच्या बोगद्याचे. १९१६ मध्ये खुला झालेला हा सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा वर्षानुवर्षे जलद लोकलच्या वाटेवर होता. गाडी त्यात शिरली की चाकांचा, वाऱ्याचा आणि टाळांचा आवाज भिंतींवरून परत डब्यात येई, आपलाच कोरस चौपट होऊन ऐकू येई. म्हणून गजराची सर्वांत चढती जागा बोगद्यासाठी राखून ठेवायची पद्धत पडली. तोंड दिसू लागले की बुवा हात वर करी. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, लांब पल्ल्याच्या गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या. प्रवाशांच्या सोयीचेच काम झाले ते. पण गजराची ती जागा गेली. नव्या टाळकऱ्यांना गजर तिथेच का चढतो हे कळत नाही. ते फक्त इतर चढवतात म्हणून चढवतात. तेवढ्यासाठी हे इथे लिहून ठेवतो.

मंडळाची मालमत्ता म्हणजे टाळ, वही आणि एक तसबीर. टाळ काशाचे, जड, सुती दोरीचे. दोरी बोटाला नीट गुंडाळली नाही तर धक्क्याने टाळ सुटून समोरच्याच्या डोक्यावर बसेल, म्हणून नवख्याला आधी दोरी धरायला शिकवतात, वाजवायला नंतर. फलाटावर धावताना वाजू नयेत म्हणून दोन टाळांच्या मध्ये रुमाल घालून ते पिशवीत ठेवायचे. वही उभ्या बांध्याची, कापडी पाठीची, पावसापासून वाचावी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. ध्रुपद लाल शाईने, चरण निळ्या शाईने. समासात चालीची खूण, कोणाकडून घेतला त्याचे नाव, आणि काही ठिकाणी स्थानकाचे आद्याक्षर: ‘ठा’ म्हणजे ठाण्यापर्यंत संपवायचा. अशा वह्यांत मला एकाच अभंगाचे तीन-तीन पाठ दिसले आहेत. गाथेच्या छापील प्रतीत नसलेला एखादा चरण सांगलीकडच्या माणसाच्या वहीत असतो, कारण त्याच्या आजोबांच्या गावात तो तसा म्हणत. तसबीर विठ्ठलाची किंवा गणपतीची; खिडकीच्या गजाला सुतळीने अडकवायची, वर मोगऱ्याची किंवा झेंडूची माळ, उतरताना काढून घ्यायची.

डबा मात्र आपला नसतो. सकाळी आलेला रेक दुसऱ्या दिवशी कुठल्या फेरीवर असेल हे आपल्या हातात नाही. तरी मंडळी ‘आपला डबा’ म्हणतात, कारण त्यांचा पत्ता म्हणजे गाडीची वेळ, पुढून कितवा डबा आणि कुठले दार. रेल्वेने वेळापत्रक बदलले की मंडळाचे नावच बदलते. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या तेव्हा फलाटावर उभे राहण्याच्या खुणा हलल्या, २०१२ मध्ये पंधरा डब्यांची गाडी आली तेव्हा पुन्हा हलल्या. गाडी रद्द झाली तर मंडळ दोन गाड्यांत विखुरते, आणि कधी कधी ते विखुरलेले पुन्हा एक होत नाही. फुटीचे सर्वाधिक प्रसंग आमच्याकडे भांडणातून आलेले नाहीत, वेळापत्रकातून आलेले आहेत.

काय गावे यावरचा एक जुना वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटू नये असे मला वाटते. एक पक्ष म्हणतो, संतांच्या शब्दांशिवाय दुसरे काही नको: ज्ञानदेव, नामदेव, जनाबाई, चोखोबा, सोयराबाई, एकनाथ, तुकोबा एवढे असताना बाहेर कशाला जायचे. दुसरा पक्ष म्हणतो, भक्तिगीतेही भक्तीचीच. या दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आमच्याच परिसरातली दोन मोठी माणसे उभी आहेत. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे, ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्षही झाले. विठ्ठलावरची त्यांची गीते महाराष्ट्रात घराघरात गेली. आणि प्रल्हाद शिंदे कल्याणचे. कव्वाली, भीमगीत आणि विठ्ठलाची गाणी एकाच बुलंद गळ्याने गाणारा हा गायक २००४ मध्ये गेला, पण कॅसेटच्या काळात त्यांच्या आवाजाची नक्कल करत कोकणी आणि वारकरी दोघेही गजर चढवायला शिकले. त्यांचे गाणे डब्यात लागले की ‘फक्त संतांचे’ म्हणणारेही गप्प बसून टाळ धरतात. त्याआधीच्या पिढीवर असाच परिणाम प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने आणि विष्णुपंत पागनीसांच्या गाण्याने केला होता. शुद्ध परंपरा म्हणून आज आपण ज्या चाली जपतो त्यातल्या कितीतरी पडद्यावरून आणि तबकडीवरून आल्या आहेत.

वर्षाचा मोठा दिवस दसऱ्याच्या आसपासचा. गाडी जिथून सुटते तिथे ती फलाटावर लागल्यापासून सुटेपर्यंत जी काही मिनिटे मिळतात तेवढ्यात आंब्याची तोरणे, झेंडूच्या माळा, दाराशी कागदी पताका, तसबिरीला नवा हार एवढे सगळे व्हायचे असते. कामे आधी वाटलेली असतात: हा सुतळी कापेल, तो माळ धरील, तिसरा गाठ मारील. धूप, निरांजन, उदबत्ती डब्यात पेटवायची नाही हा नियम मंडळांनी स्वतःच पाळावा, आणि जाणती मंडळे तो पाळतात. नारळ फलाटावर फोडायचा. मोटरमनला हार, पेढा, नमस्कार. वर्षभर ज्याचे तोंड दिसत नाही आणि ज्याच्या हातात आपले जीव असतात त्या माणसाचा हा मान मला सगळ्या उत्सवात महत्त्वाचा वाटतो. आषाढीला ज्यांना पंढरपूर घडत नाही त्यांची वारी डब्यातच होते. त्या दिवशी उपवासाच्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हातोहात फिरतो आणि भजनात न बसलेल्यालाही लाडू मिळतो.

भजनात न बसलेल्यांचे काय, हा प्रश्न टाळून इतिहास लिहिता येणार नाही. रात्रपाळी करून येणारा, परीक्षेला निघालेला, आजारी, किंवा ज्याला आपला देव, आपले गाणे नको आहे असा माणूसही त्याच तिकिटावर त्याच डब्यात असतो. तक्रारी झाल्या आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या होत्या: पिशव्या टाकून जागा अडवणे, सुरुवातीच्या स्थानकाआधीच उलट बसून येणे आणि जागा फक्त आपल्या माणसांना देणे, दारात गोल करून उभे राहणे, कोणी आवाज कमी करा म्हटले तर दुप्पट मोठ्याने गाणे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४५ प्रवाशांना होणाऱ्या उपद्रवासाठी आहे आणि ते भजनालाही लागू होऊ शकते. आमच्या ज्येष्ठांनी घालून दिलेले नियम सोपे होते: म्हातारा, गरोदर बाई, लेकुरवाळी उभी असेल तर टाळकऱ्याने उठायचे आणि उभ्याने गायचे, ध्वनिवर्धक कधीही नाही, शेजारचा माणूस फोनवर घरच्या दुखण्याबद्दल बोलत असेल तर टाळ हलका करायचा, कोणी नको म्हटले तर हात जोडून थांबायचे. जी मंडळे हे पाळतात त्यांच्याविरुद्ध तक्रार झाल्याचे माझ्या तरी कानावर नाही. जी पाळत नाहीत त्यांनी तुकोबांचे नाव घेऊन दुसऱ्याला छळू नये.

महिलांच्या डब्यातल्या भजनाचा इतिहास वेगळा लिहावा लागेल आणि तो एखाद्या बाईनेच लिहावा. माझ्यापर्यंत आलेले एवढेच, की तिथे सुरुवात आरतीने आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांनी झाली, नवरात्रात भोंडला, संक्रांतीनंतर हळदीकुंकू, आणि त्यातून रोजच्या भजनाकडे. पुढे लेडीज स्पेशल गाड्या आल्या तेव्हा या मंडळांना पूर्ण गाडीच मिळाली. डोंबिवली-कल्याणमधल्या दुपारच्या महिला भजनी मंडळांची तालीम पक्की असते, स्पर्धांना जायची सवय असते. त्यातल्या नोकरदार बायकांनी ती शिस्त डब्यात नेली, आणि म्हणून त्यांच्या भजनात सूर आमच्यापेक्षा जास्त नेमका लागतो. पुरुष मंडळांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

२३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली, सर्वसामान्यांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये मर्यादित वेळांत उघडली, पुन्हा बंद झाली, आणि लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्या मधल्या काळात मंडळांनी फोनवर एकत्र गाऊन पाहिले. आवाज पोचायला क्षणाचाही उशीर झाला की कोरस कोरस राहत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे पडतो. म्हणून मग एकाने गाऊन पाठवायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे एवढेच उरले. त्या दीड वर्षात काही टाळकरी आपल्यातून गेले, काही निवृत्त झाले, काहींच्या कचेऱ्यांनी घरून काम कायमचे केले. गाड्या सुरू झाल्या तेव्हा अनेक दाराशी तीन-चारच माणसे उरली होती. काही मंडळे शेजारच्या मंडळात मिसळली, काही बंद पडली. वातानुकूलित गाड्या आल्या आहेत, त्यांची दारे मिटतात, तिकीट वेगळे, प्रवासी वेगळे. तरुण मुले कानात यंत्र घालून बसतात. त्यांना दोष द्यायचे कारण नाही, त्यांच्या प्रवासातही त्यांना काहीतरी ऐकायचेच आहे. तीही अधूनमधून गजराला मान डोलावतात आणि त्यातला एखादा टाळ मागतो. मागितला की लगेच द्यावा.

हे सगळे कालपरवाचे आहे, याला परंपरा कशी म्हणायची, असे काही विद्वान मंडळी विचारतात. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या एका प्रसिद्ध ग्रंथात दाखवले की फार पुराण्या वाटणाऱ्या अनेक प्रथा अलीकडे, विशिष्ट माणसांनी, विशिष्ट गरजेतून घडवलेल्या असतात. महाराष्ट्राला हे सांगायला बाहेरचे कोणी लागत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाचे आजचे रूप १८९३ पासूनचे. तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन पंढरीला जाण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. शिंद्यांच्या दरबारातला हा सरदार माउलींच्या सेवेला आला, दिंड्यांचे क्रम लावले, भजनाची मालिका ठरवली, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले. आज कोणता अभंग कुठल्या वाटेवर म्हणायचा हे वारीत ठरलेले असते, कारण कोणीतरी बसून ते ठरवले. दिंडीचा क्रम पायवाटेने ठरला आणि आमच्या भजनाचा स्थानकांनी, एवढाच फरक. वय कमी म्हणून मी या परंपरेला कमी लेखत नाही. तिला अजून तिचा हैबतबाबा भेटलेला नाही, एवढी एक उणीव मात्र मानतो: आमच्याकडचा क्रम कोणी एके ठिकाणी लिहून ठेवलेला नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक विनंती आहे. कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या ज्या घरांत लोकलच्या भजनाची वही असेल तिने रद्दीचा रस्ता धरण्याआधी तिचे प्रत्येक पान फोनने टिपून ठेवा, समासासकट. कॅसेट असतील तर त्यांवर गाडीची वेळ आणि साल लिहून ठेवा. ज्यांचे वडील, काका, आई गाडीत गात होते त्यांनी त्यांना बसवून चाली म्हणवून घ्याव्यात आणि ध्वनिमुद्रण करावे. पेटी नको, चांगला आवाज नको, नुसती चाल कळली तरी पुरे. आणि हे सारे शक्य तेवढे आपल्या शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपवावे. १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १८६४ सालचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. ज्यांच्या वहीत ‘ठा’ अशी खूण सापडेल त्यांनी तेवढ्या पानाची एक प्रत आमच्या मंडळाकडेही द्यावी.